डिफेंडरला त्याच्या कष्टाचे पॉइंट मिळालेच पाहिजेत

डिफेन्सचे पॉइंट कसे द्यायचे यावरनं ज्या फुटबॉलच्या फँटसी लीगमधे (खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम करायची आणि ते खऱ्या मॅचमधे कसे खेळले त्यावर पॉइंट मोजायचे, असा खेळ) वाद होत नाहीत तिथं कुणी मन लावून खेळतच नसणार असं माझं स्पष्ट मत आहे. स्ट्रायकरचं सोपं असतंय, गोल मारला की पॉइंट, नाही मारला तर नाही, त्यात बोलायला जागाच नाही. पण एखाद्या सेंटर बॅकने, म्हणजे गोलसमोर मधोमध उभ्या डिफेंडरने, नव्वद मिनिटं समोरच्या स्ट्रायकरला बॉक्समधे नीट वळूसुद्धा दिलं नाही, हे शीटवर कसं आणायचं? ह्या प्रश्नावर आम्ही सांगलीतले आठ जण मे महिन्यापासून बोलतोय, विश्रामबागला मित्राच्या मोबाईल दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, कधी चहा कधी भडंग, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून डिफेन्सचे नियम लिहायचं काम माझ्यावर टाकलं. मी ते मनापासून केलंय. कराड, सातारा, इस्लामपूरकडचे ओळखीचे लोकपण स्वतःची लीग काढायच्या विचारात आहेत आणि सारखं विचारतात, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितो.

आमची लीग इंग्लिश प्रीमियर लीगवर चालते. एफपीएल, म्हणजे फँटसी प्रीमियर लीगचं अधिकृत अ‍ॅप, ते तर आम्ही सगळेच खेळतो, पण तिथले नियम त्यांचे, आपल्याला एक आकडा इकडचा तिकडं करता येत नाही. म्हणून आमची वेगळी लीग. सीझनच्या आधी लिलाव, एक खेळाडू एकाच मालकाकडं, आणि पॉइंटचा हिशोब आमच्या स्वतःच्या शीटवर. मालकांत मार्केट यार्डातला एक हळदीचा व्यापारी आहे, एक शाळेत शिकवणारे मास्तर, एक सीए, मिरजेचा मेडिकलवाला, पुण्याला नोकरीला गेलेला माझा मावसभाऊ जो लिलावाला व्हिडिओ कॉलवर बसतो, वगैरे. माणसं वेगवेगळी आणि फुटबॉल बघायची नजरपण वेगवेगळी.

आधी अधिकृत नियम काय ते सांगतो, कारण सगळी चर्चा तिथनंच सुरू होते. साठ मिनिटं किंवा जास्त खेळलं की २ पॉइंट. टीमने गोल खाल्ला नाही, म्हणजे क्लीन शीट राहिली, तर गोलकीपर आणि डिफेंडरला ४, मिडफिल्डरला १, पण त्यासाठी स्वतः साठ मिनिटं मैदानात पाहिजे. टीमने खाल्लेल्या दर दोन गोलमागं गोलकीपर आणि डिफेंडरचा १ कट. पिवळं कार्ड उणे १, लाल उणे ३, स्वतःच्याच गोलमधे बॉल घातला तर उणे २. डिफेंडरने गोल मारला तर ६, असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेला शेवटचा पास, त्याला ३. कित्येक वर्षं एवढंच होतं. बोनस पॉइंट असायचे, अजून आहेत, पण डिफेंडरने डिफेंडर म्हणून जे काम केलं त्याला सरळ असा एकसुद्धा पॉइंट नव्हता.

माझी मूळ तक्रार हीच आहे. क्लीन शीट ही अकरा जणांची कमाई आहे. मिडफिल्डने दाब ठेवला, विंगर मागं पळत आला, गोलकीपरने दोन अवघड बॉल काढले, समोरच्याने सोपा चान्स हुकवला, ह्या सगळ्याची मिळून क्लीन शीट होते, आणि ४ पॉइंट मात्र त्या लेफ्ट बॅकला, म्हणजे डाव्या कडेच्या डिफेंडरलापण मिळतात ज्याच्या बाजूला त्या दिवशी बॉल फिरकलाच नाही. उलटं बघा. सेंटर बॅक अख्खी मॅच खिंड लढवतोय, ८८ व्या मिनिटाला लांबनं मारलेला बॉल कुणाच्या तरी मांडीला लागून दिशा बदलून आत जातो आणि त्याचे ४ चे शून्य होतात. ह्यात त्याचा काय दोष?

सेंटर बॅक व्हॅन डाइकचं उदाहरण घ्या. २०१८-१९ चा लिव्हरपूलचा सीझन, अख्ख्या सीझनमधे टीमने २२ गोल खाल्ले, आणि आकडे ठेवणाऱ्यांच्या नोंदीनुसार त्या पूर्ण लीग सीझनमधे एकाही खेळाडूने व्हॅन डाइकला ड्रिबल करून, म्हणजे पायात बॉल खेळवत चकवून, मागं टाकलं नाही. एकानेही नाही! तिथल्या व्यावसायिक खेळाडूंनीच मतं देऊन त्याला त्या वर्षीचा बेस्ट खेळाडू निवडला. आणि त्याच टीमचे दोन फुल बॅक, म्हणजे कडेचे डिफेंडर, रॉबर्टसन आणि अलेक्झांडर-अर्नोल्ड, त्यांचे असिस्ट होते ११ आणि १२. फँटसीत त्या दोघांना एका क्लीन शीटचे पॉइंट व्हॅन डाइकइतकेच, वर असिस्टचे वेगळे. त्यांनी क्रॉस मारले, त्याचे त्यांना मिळाले, बरोबरच आहे, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण ज्या माणसामुळं समोरच्यांनी मधनं यायचंच सोडून दिलं त्याच्या त्या कामाला त्या नियमांत रकानाच नव्हता.

आपल्याकडं कबड्डी बघत मोठं झालेल्या माणसाला हे लगेच कळतं. चढाईपटू आत येतो, डावा कोपरा घोट्याला हात घालतो, आणि त्याच क्षणी कव्हरचा गडी खांद्याने त्याला बाहेर रेटतो, मग साखळीतले बाकीचे येऊन पडतात. पकडीचा गुण नावावर लागतो एकाच्या. पण मैदानाच्या कडेला बसलेली म्हातारी माणसं रेटणाऱ्याचं नाव घेऊन शाबासकी देतात, कारण तो नसता तर पाय सुटलाच असता. आणि तीन किंवा कमी गडी राहिलेले असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, तिला एक गुण जास्तीचा, म्हणजे कोणत्या वेळी काम केलं ह्यालापण किंमत आहे. मला फँटसीत हेच पाहिजे होतं, ज्याने केलं त्याला मिळावं आणि अडचणीत केलं तर जरा जास्त मिळावं.

२०२५-२६ च्या सीझनला एफपीएलने मोठा बदल केला, डिफेन्सिव्ह कॉन्ट्रिब्युशन, ज्याला सगळे डेफकॉन म्हणतात. डिफेंडरचे क्लिअरन्स (धोक्याच्या जागेतनं बॉल लांब मारणं), ब्लॉक (समोरच्याचा शॉट अंगावर अडवणं), इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच कापणं) आणि टॅकल (समोरच्याच्या पायातनं बॉल काढणं) मिळून एका मॅचमधे १० झाले की २ पॉइंट. मिडफिल्डर आणि फॉरवर्डसाठी त्यात रिकव्हरी, म्हणजे सुटा बॉल ताब्यात घेणं, तेही मोजतात पण आकडा १२ पाहिजे. एका मॅचला जास्तीत जास्त २, मग तुम्ही तीस करा. मला हा बदल मनापासून आवडला. एव्हर्टनचा टारकोव्स्की असेल, मिडफिल्डमधे कायसेडो किंवा इलियट अँडरसन असेल, असल्या खेळाडूंना फँटसीवाले पहिल्यांदा मान वर करून बघायला लागले.

पण त्यात एक गोष्ट खटकते. ९ केले तर शून्य, १० केले तर २. मधे काहीच नाही. रात्री मॅच संपत आलीय, आपला गडी ९ वर आहे, स्टॉपेज टाईममधे एक कॉर्नर येतो, तो हेड मारायला उडी मारतो आणि बॉल त्याच्या शेजारच्याच्या डोक्याला लागतो. गेले २ पॉइंट. ९ वाल्याच्या आणि १० वाल्याच्या मॅचमधे फरक किती, तर एका हेडरचा. नियम लिहायला बसलो तेव्हा पहिली गोष्ट मी हीच ठरवली की आपल्याकडं असा कडा नको, पायऱ्या पाहिजेत.

हळदवाल्याचं म्हणणं एकदम सरळ होतं. "भावा, प्रत्येक टॅकलला एक, प्रत्येक क्लिअरन्सला एक, जेवढं केलं तेवढं दे आणि विषय मिटव की. पायऱ्या बियऱ्या कशाला काढालायस?" ऐकायला न्याय्य वाटतंय, पण शीटवर मांडलं की गडबड दिसते. समजा एका तळाच्या टीमचा सेंटर बॅक आहे, टीम २-० ने हरली, त्याने ९ क्लिअरन्स, ३ ब्लॉक, २ इंटरसेप्शन आणि १ टॅकल केलं. झाले १५. सरळ हिशोबाने त्याला नुसते ह्याचेच १५ पॉइंट. आणि त्याच दिवशी एखाद्या फॉरवर्डने हॅटट्रिक मारली, तर अधिकृत नियमाने गोलचे ४ प्रमाणे त्याचे झाले १२. दोन गोल खाऊन हरलेला डिफेंडर हॅटट्रिकवाल्याच्या वर! मग लिलावात सगळेजण तळाच्या टीमचे सेंटर बॅक गोळा करत बसणार आणि गोल मारणारे कुणी विचारणार नाही. हे मी त्याला मोबाईलवर शीट उघडून दाखवलं तेव्हा तो मिनिटभर गप्प बसला, मग म्हणाला, "असं व्हायला लागलं तर माझ्या स्ट्रायकरचं काय?" आणि मान्य केलं.

ह्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी असं मला वाटतं. डिफेन्सचे आकडे वाढतात ते दोन कारणांनी. एक, खेळाडू चांगला आहे. दोन, त्याच्या टीमवर सारखा हल्ला होतोय. सत्तर टक्के बॉल ज्या टीमकडं असतो तिचा डिफेंडर टॅकल करणार कुणाला? आणि जो चांगली जागा धरून उभा राहतो त्याच्याकडं समोरचा बॉल टाकतच नाही, त्याच्या नावावर नोंद काय होणार. याप स्टाम ह्या सेंटर बॅकची गोष्ट फुटबॉलमधे नेहमी सांगतात. २००१ मधे मॅनेजर फर्ग्युसनने त्याला मँचेस्टर युनायटेडमधनं इटलीच्या लाझिओला विकला, त्याच्या आत्मचरित्रावरनं तेव्हा बराच गाजावाजा झाला होता, पण त्याच्या टॅकलचे आकडे कमी झाले होते हेही एक कारण होतं असं म्हणतात. नंतर फर्ग्युसनने स्वतः कबूल केलं की स्टामला विकणं ही चूक होती. टॅकल कमी झाली म्हणजे माणूस उतरला असं नसतं, कधीकधी टॅकल करायची वेळच तो येऊ देत नाही. म्हणून मी क्लीन शीट पूर्ण काढून टाकायच्या विरोधात होतो आणि आहे. मावसभाऊ मात्र ह्याच मताचा होता की क्लीन शीट काढून टाका, नुसतं वैयक्तिक काम मोजा. पण मग स्टाम आणि व्हॅन डाइकसारख्यांचं, जे हल्ला सुरू व्हायच्या आधीच तो बंद करतात, त्यांचं काम कुठंच दिसणार नाही. क्लीन शीट हा त्या न दिसणाऱ्या कामाचा, मान्य आहे की थोडा ढोबळ, पण एकमेव सोपा पुरावा आहे.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलच्या फँटसीत हा वाद आपल्यापेक्षा जुना आहे. माझा आतेभाऊ तिकडं असतो, तो त्यांच्या लीगमधे खेळतो, त्याच्याकडनं बरंच कळलं. तिथं बहुतेक ठिकाणी अख्ख्या टीमचा डिफेन्सच एक खेळाडू म्हणून घेतात, क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, बॉलसकट पाडलं की १, इंटरसेप्शनला २, आणि समोरच्यांनी किती कमी पॉइंट केले त्याप्रमाणे वर बक्षीस. आणि ज्यांना खोलात जायचंय ते एकेक डिफेंडर वेगळा घेतात, तिथं मग एकट्याने केलेल्या टॅकलला पूर्ण पॉइंट, दुसऱ्याला मदत केली तर अर्धा, आणि लीगा लीगांत मतभेद की टॅकलला जास्त द्यायचे का मोठ्या गोष्टींना, म्हणजे बॉल हिसकावणं, पाडणं वगैरेंना. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट, तो म्हणाला की तिकडं टॅकल हा अधिकृत आकडाच नाही, ज्या स्टेडियममधे मॅच असते तिथली माणसं तो मोजतात, आणि काही ठिकाणचे लोक मदतीचे टॅकल सढळ हाताने लिहितात. म्हणजे नियम कितीही चांगला करा, मोजणारा कोण आहे हे आधी बघा.

हे ऐकल्यावर मास्तर म्हणाले आपण स्वतः मोजून बघू. मग एका रविवारी आम्ही चौघांनी दुकानातल्या टीव्हीवर एक जुनी मॅच लावली, एकच सेंटर बॅक धरला, आणि वहीत रेघा मारत बसलो. पहिल्या वीस मिनिटांतच चौघांचे आकडे वेगळे. एक प्रसंग तर आम्ही पाच-सहा वेळा मागं नेऊन बघितला, डावीकडनं क्रॉस आला, आमच्या गड्याने पेनल्टी स्पॉटजवळनं हेड मारला आणि बॉल नेमका स्वतःच्याच विंगरच्या छातीवर गेला. मेडिकलवाला म्हणाला क्लिअरन्स. सीए म्हणाला पास, त्याने बघून दिलाय. मास्तरांनी पॉज करून त्याचं डोकं कुठं वळलंय ते दाखवलं, तो विंगरकडं बघत नव्हता, बॉलकडंच बघत होता. ऑप्टा, म्हणजे प्रीमियर लीगचे आकडे गोळा करणारी कंपनी, त्यांची व्याख्या अशीच आहे की ठराविक कुणाला द्यायचा नसताना धोक्याच्या जागेतनं बॉल लांब केला तर क्लिअरन्स. म्हणजे मास्तर बरोबर. तसंच टॅकलचं. त्यांच्याकडं समोरच्याच्या पायातनं बॉल काढला की टॅकल झालं, मग तो बॉल परत समोरच्यांकडंच गेला तरी. आपल्या टीमकडं राहिला तर त्याला वेगळं, जिंकलेलं टॅकल म्हणतात. आम्ही साधं टॅकलच मोजायचं ठरवलं, कारण काढलेला बॉल पुढं कुणाच्या पायाशी पडावा हे त्याच्या हातात नसतंय.

त्या रविवारनंतर सगळ्यांना एक पटलं, आपण घरी बसून मोजायचं नाही, एकच अ‍ॅप ठरवायचं आणि त्यात जे येईल ते मान्य करायचं. दोन अ‍ॅपमधे एखाद्या टॅकलचा फरक पडू शकतो आणि मग ज्याला जे सोयीचं तो तेच अ‍ॅप दाखवणार. शिवाय आकडे मॅचनंतरही दुरुस्त होतात. सोमवारची मॅच आपल्याकडं मध्यरात्री साडेबाराला सुरू होऊन अडीचपर्यंत चालते, हिवाळ्यात अजून तासभर उशीर, म्हणून मंगळवारी संध्याकाळी सात वाजता शीट बंद. त्यानंतर काही बदललं तरी धरायचं नाही.

आता आम्ही केलेला नियम. टॅकल, इंटरसेप्शन आणि ब्लॉक ह्यांना प्रत्येकी एक धरायचा, क्लिअरन्सला अर्धा. ही बेरीज ५ झाली की १ पॉइंट, ८ ला २, ११ ला ३, आणि त्याच्या वर नाही.

क्लिअरन्सला अर्धा का, ह्यावर मास्तर माझ्यावर चांगलेच तापले होते. ते कोल्हापूरला शिकलेले, शाहू स्टेडियमवर तालमींच्या टीमच्या मॅच बघत वाढलेले, आणि तिथं दबावात कुणी हेड मारून बॉल बाहेर काढला की काय आरडाओरडा होतो ते त्यांनी लहानपणापासनं ऐकलंय. त्यांचं म्हणणं की क्लिअरन्स हाच डिफेंडरचा खरा श्वास. मला त्यांचं म्हणणं कळतं, पण आकड्यात क्लिअरन्स इतके जास्त असतात, एकेका सेंटर बॅकचे एका मॅचला दहा-बारासुद्धा, की पूर्ण एक दिला तर बाकीच्या तिन्हीला काही किंमतच राहत नाही, आणि फुल बॅक तर मेलाच, कारण क्रॉसवर हेड मारायला तो मधे नसतोय. शेवटी अर्ध्यावर तोडगा निघाला.

उदाहरण देतो म्हणजे कळेल. एकाने नुसते १२ क्लिअरन्स केले, दुसरं काही नाही. एफपीएलमधे त्याला २, आमच्यात बेरीज ६, म्हणून १. दुसऱ्याने ३ टॅकल, ३ इंटरसेप्शन, १ ब्लॉक, २ क्लिअरन्स केले, मोजून ९ होतात, एफपीएलमधे त्याला शून्य. आमच्यात बेरीज ८, म्हणून २. मला विचाराल तर दुसऱ्याने जास्त डिफेन्स केलाय, आणि तो रिकाम्या हाताने जाऊ नये. आणि वर सांगितलेला तो ९ क्लिअरन्सवाला, २-० ने हरलेला, त्याची बेरीज साडेदहा, त्याला २, साठ मिनिटांचे २, दोन गोलचा १ कट, एकूण ३. कष्टाचे मिळाले पण हॅटट्रिकच्या जवळपासही नाही. ठीक वाटतंय.

क्लीन शीट ४ ची आम्ही ३ केली. तो एक पॉइंट वैयक्तिक कामाकडं वळवला असं समजा. गोल खाल्ल्याचा कट दर दोनला १ तसाच ठेवला, पण उणे २ च्या खाली जायचं नाही, कारण ६-० ने मार खाल्ला तर त्यात सगळ्या टीमचा वाटा असतोय, चार डिफेंडर आणि गोलकीपरनेच सगळं भरायचं हे पटत नाही.

आणि माझ्या जिवाभावाचा नियम म्हणजे अव्वल पकड. गोललाईनवरनं बॉल काढला, किंवा शेवटचा माणूस म्हणून एकट्याने टॅकल केलं, तर थेट २ पॉइंट, त्या तीनच्या मर्यादेच्या बाहेर. ह्या दोन्ही गोष्टींची आकडेवाल्यांकडं वेगळी नोंद असते. सीझनमधे फार वेळा होत नाहीत, त्यामुळं हिशोब बिघडायची भीती नाही, पण जेव्हा होतं तेव्हा तो गोलइतकाच मोठा क्षण असतो. नाव मी सुचवलं आणि आठच्या आठ जणांनी लगेच हो म्हटलं. बाकी कुठल्याच नियमावर एवढ्या लवकर एकमत झालं नाही.

ड्रिबल होऊन मागं पडला तर कट करायचा का, यावरपण बोलणं झालं. व्हॅन डाइकचं एवढं गुणगान केल्यावर मावसभावाने ते मला बरोबर विचारलं. पण आम्ही घेतलं नाही. जो डिफेंडर पुढं जाऊन भिडतो तोच ड्रिबल होतो, जो नुसता मागं मागं सरकत राहतो त्याच्या नावावर ते लागत नाही आणि बॉल मात्र आत येतो. भिडणाऱ्याला शिक्षा होईल असा नियम नको. चुकीमुळं गोल गेला तर कट, हापण नाही ठेवला, ती चूक कुणाची हे ठरवणं शेवटी बघणाऱ्याच्या मतावर असतंय आणि आमच्यात मतं ढीगभर.

मिडफिल्डरच्या बाबतीत मला फार दिवसांपासनं एका माणसाचा न्याय करायचा होता, एन्गोलो कांते. २०१५-१६, लेस्टर चॅम्पियन, आणि त्या सीझनमधे ३७ मॅचमधे कांतेचे १७५ टॅकल आणि १५६ इंटरसेप्शन. गोल एक. त्यावेळच्या फँटसी नियमात असल्या माणसाला कुणी टीममधे घेतलं तर लोक विचारायचे कशाला घेतलास. आमच्या पायऱ्या लावून बघितल्या, ३३१ भागिले ३७, मॅचला जवळजवळ ९. म्हणजे साधारण मॅचला २ पॉइंट, नुसत्या बॉल हिसकावण्याचे. हे शीटवर बघून मला जे समाधान झालं ते खरंच सांगता येणार नाही. मिडफिल्डरला पायऱ्या त्याच ठेवल्या, फक्त क्लीन शीटचा १ काढून टाकला आणि रिकव्हरी मोजली नाही, कारण सुटा बॉल बऱ्याचदा आपसूक पायाशी येतो. सीए अजून म्हणतो की रिकव्हरी पाव धरा. त्याचं म्हणणं नोंदवून ठेवलंय, सीझन संपल्यावर मतदान. मधे नियम बदलायचा नाही, ही अट सगळ्यात वर लाल अक्षरात लिहिलीय, कारण लिलावात पैसे लावायचे ते नियम बघूनच.

लिलावाची तर मला आत्तापासनंच उत्सुकता आहे. प्रत्येकाकडं शंभर कोटी, अर्थात कागदावरचे. आत्तापर्यंत डिफेंडर शेवटी यायचे, पैसे संपलेले असायचे, मोठ्या टीमचे फुल बॅक सोडले तर बाकी सगळे मूळ किमतीत उचलले जायचे. आता मेडिकलवाला मधल्या टीमचे सेंटर बॅक शोधतोय म्हणे, जे टॅकलपण करतात आणि अधनंमधनं क्लीन शीटपण देतात. हळदवाला रोज रात्री कुठल्यातरी डिफेन्सिव्ह मिडफिल्डरचे आकडे पाठवतो आणि लगेच डिलीट करतो, कुणी बघू नये म्हणून. मला हेच पाहिजे होतं, की माणसं त्या जागेवरच्या खेळाडूकडं बघायला लागावीत, मॅच चालू असताना बॉल नसलेल्या बाजूला काय चाललंय तिकडं नजर जावी.

राहिला गोलकीपर. त्याला टॅकल-क्लिअरन्सच्या पायऱ्या लागू नाहीत, एफपीएलमधेपण डेफकॉन त्याला नाही. तिथं तीन सेव्हला १ आणि पेनल्टी अडवली तर ५. आम्ही पेनल्टीचे ५ तसेच ठेवले, सेव्हला मात्र पायऱ्या केल्या, ३ ला १, ५ ला २, ७ ला ३. पाच सेव्ह करून एक गोल खाल्लेल्या कीपरला पूर्वी सेव्हचा १ मिळायचा, आता २ मिळतील. बॉक्सच्या आतनं मारलेला शॉट अडवला तर त्याला जास्त किंमत द्यावी असं मला वाटत होतं, मोठी अ‍ॅप ती नोंद वेगळी दाखवतातपण, पण सीएने सांगितलं की शीटमधे अजून एक रकाना वाढला तर दर मंगळवारी भरायला तोच बसणार नाही. त्यामुळं ते पुढच्या वर्षावर ठेवलंय.